आष्टी टाळून आखलेला रस्ता

लांबच्या सायकलप्रवासाला सोबत कशी असावी, याबद्दल लोक भरपूर सल्ले देतात. दमाची असावी, पंक्चर काढता यावं, रडकी नसावी. माझी सोबतीण या तिन्ही परीक्षांत पास होती. अडचण एकच, ती माझ्या मुलीची सासू होती. म्हणजे आदल्या वर्षापर्यंत होती. मग माझी मुलगी आणि विहीणबाईंचा मुलगा कोर्टातून रीतसर वेगळे झाले, आणि आता आम्ही दोघी एकमेकींच्या कोण, हा प्रश्न झाडून सगळ्या सोयऱ्यांना पडला. आम्हाला पडला नव्हता असं नाही. पण तो सायकलीवर घ्यायचा नाही, सामान आधीच जड आहे, असं मी बजावून ठेवलं होतं.

मी बदनापूरची. नोकरी नर्सची. खेड्यापाड्यांतल्या बाळांना लसी टोचण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, आणि लसीचं काम म्हणजे घड्याळाचं काम. पेटीतला बर्फ वितळायच्या आत गाव गाठायचं, बाया शेताला निघायच्या आत दार वाजवायचं. त्यामुळे बेत आखणं माझ्या अंगात मुरलेलं. आखलेला बेत मोडला की माझं डोकं फिरतं, आणि डोकं फिरलं की तोंड सुटतं. आमच्या ह्यांनी या तोंडासोबत उभा जन्म काढलाय, तेव्हा साक्षीदार घरातच आहे.

विहीणबाई अगदी उलट. राहतात जालन्याच्या कडेला, घरची शेती आहे, व्याह्यांचं बियाण्यांचं दुकान आहे. कुठलीही गोष्ट विचारा, उत्तर एकच: "बघू की." लग्नाच्या बोलणीत मी मानपानाची यादी वाचत होते तेव्हाही त्या "बघू की, बघू की" म्हणत बसल्या होत्या. त्या वेळी मला वाटलं, ही बाई एक तर फार साधी आहे, नाही तर फार पोहोचलेली. निघाल्या दोन्ही.

लग्नानंतर मला साखर निघाली. डॉक्टरांनी चाला म्हटलं. चालण्याचा मला कंटाळा, म्हणून मी सायकल घेतली. हे कळल्यावर विहीणबाई म्हणाल्या, "मी बी येते. लहानपणी आष्टीत लई चालवलीय." मग त्या जालन्याकडून निघायच्या, मी बदनापूरकडून, आणि अर्ध्या वाटेवरच्या एका हॉटेलात आमची गाठ पडायची. चहा प्यायचा, तासभर बोलायचं आणि आपापल्या घरी वापस. पुढे वेरूळ झालं, लोणार झालं. दोन विहिणी सायकलीवर बघून लोक हसायचे. हसणाऱ्यांना विहीणबाई हात करायच्या. मी करत नव्हते.

मग पुण्यात पोरांचं बिनसलं. मारझोड नाही, दारू नाही, दुसरं कोणी नाही. पटलं नाही. घटस्फोटाची मागणी माझ्या मुलीने केली. कोर्टाचा निकाल आला त्यानंतर मी सायकल काढलीच नाही. कुठल्या तोंडाने जाणार? असे बरेच दिवस गेले. एका सकाळी फाटकापाशी घंटी वाजली. विहीणबाई उभ्या, घामाघूम, जालन्यापासून थेट बदनापूरपर्यंत आलेल्या. म्हणाल्या, "तुम्ही हॉटेलवर यायचं सोडलं, म्हणून मीच आले. चहा ठेवा." मी चहा ठेवला आणि ओट्यापाशी उभी राहून रडले. त्यांनी ते पाहिलं आणि साखर कुठे ठेवता म्हणून विचारलं.

इथे त्यांच्या थोरल्या भावाबद्दल सांगायला हवं. ते आष्टीचे. आमची सोयरीक त्यांनीच जुळवली होती. पंचक्रोशीत त्यांचं नाव त्यासाठीच होतं. कोणाच्या घरी पोरगी लग्नाची झाली की लोक आधी त्यांच्याकडे जात. त्यांनी कधी पैसा घेतला नाही, मान मात्र पुरेपूर घेतला. त्यांनी जुळवलेलं मोडत नाही, असं लोक म्हणायचे. आमचं मोडलं, आणि लोकांचं येणं कमी झालं. त्यांनी बहिणीला फोन केला. "त्यायच्या पोरीनं आपलं नाक कापलं. त्या बाईसंगं फिरायचं असंल तर फिर, पण मंग माझ्या दारात यायचं न्हाई."

हे मला विहीणबाईंनीच सांगितलं, सायकल स्टँडवर लावता लावता, भाजीचा भाव सांगावा तसं. "असं म्हणला दादा. तुमची चेन कुरकुर करून राह्यली, तेल टाका." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हॉटेलवर हजर. त्या दिवाळीत भाऊबीजेला आष्टीहून त्यांना न्यायला कोणी आलं नाही. भाऊबीजेच्या सकाळी त्या माझ्याबरोबर सायकल चालवत होत्या. हॉटेल बंद होतं, आम्ही तशाच रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलो. मी म्हटलं, तुम्ही जा आष्टीला, मी काही मनाला लावून घेणार नाही. त्यांनी सायकल पुढे काढली. मायबाप गेल्यावर बाईचं माहेर म्हणजे भावाचं दार. ते माझ्यामुळे बंद झालेलं मला सहन होत नव्हतं, आणि विहीणबाई सोडून द्यायच्या हेही जमत नव्हतं. दोन्ही खरं होतं.

गोदावरीच्या काठाकाठाने समुद्रापर्यंत जायचं, हा बेत लग्न टिकून होतं तेव्हाचा. तो रद्द करावा असं दोघींपैकी कोणीच म्हणालं नाही. पौषात निघायचं ठरलं. शेजारणी म्हणाल्या, पौषात कुठं निघता? मी म्हटलं, आम्हाला लग्न लावायचं नाही, लावून झालंय आणि निस्तरूनही झालंय. मुलगी पुण्याहून फोनवर म्हणाली, "आई, तुला त्यांच्याशीच जायची काय गरज आहे?" मी म्हटलं, तुला नसेल, मला आहे.

रस्ता मी आखला. पहाटे निघायचं, उन्हं चढायच्या आत निम्मं अंतर तोडायचं, पहिला मुक्काम जांबेला, देवळापाशी. तिथून सरळ रस्ता आष्टीवरून जातो. मी तो सोडला, नदीकडे वळले, पूल ओलांडून पलीकडचा काठ धरला आणि पुढच्या पुलावरून परत अलीकडे येत पाथरीला निघाले. कागदावर, अर्थात. सगळ्यांना सांगितलं, पलीकडचा रस्ता चांगला आहे. विहीणबाईंनी नकाशा पाहिला. त्यांचं बोट आष्टीपाशी थांबलं, मग मी आखलेल्या वळणावरून फिरलं. "बरं हाय," एवढंच म्हणाल्या.

पहिल्याच दिवशी बेताचे बारा वाजले. अंबडच्या अलीकडे विहीणबाई एकाएकी थांबल्या. रस्त्याला लागून मोसंबीची बाग होती, पानं मलूल झालेली. त्यांना बघायचं होतं, ताण कसा बसलाय. बहार धरण्यासाठी मोसंबीचं पाणी मुद्दाम तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. शेतकऱ्याच्या घरातली बाई अशी बाग बघून पुढे जाणारच नाही, हे मी बेतात धरायला हवं होतं. बागेतली बाई बाहेर आली, दोघींचं बोलणं सुरू झालं, हरभऱ्याचे हिरवे ढाळे खायला आले. मी घड्याळ बघत उभी.

"विहीणबाई, उन्हं चढली."

"बसा की. रस्ता कुठं पळून चाललाय का?"

"रस्ता नाही पळत, दिवस पळतोय. जांब गाठायचंय."

"तुम्ही घड्याळाकडं बघून राह्यल्या. जरा ह्या वाऱ्याकडं बघा."

वारा खरंच उठला होता, अगदी समोरून. मी ऐकलं नाही. माझं म्हणणं, वारा काय रोजच असतो. निघालो. पायडल मारतोय मारतोय आणि सायकल जागची हलेना, अशी गत. पुढच्या चढाला माझा दम उखडला, मी उतरले आणि रस्त्याला, वाऱ्याला आणि विहीणबाईंना, तिघांनाही एकाच दमात बोलून घेतलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "झालं का? मंग चला वापस बागेत. वारं पडलं की निघू." आम्ही त्याच बाईच्या कडुलिंबाखाली येऊन पडलो. मला अशी गाढ झोप लागली की जाग आली तेव्हा दिवस कलला होता, आणि त्या बाईने आमच्या भाकरीचं पीठ मळायला घेतलं होतं.

भाकरी थापताना मी तिच्या हाताकडे बघत होते. पीठ ती हाताला लागेल तसं पाण्याने सैल करत होती, मापाने नाही. घट्ट राहिलं तर भाकर चिरते, हे मलाही माहीत आहे, मीही रोज तेच करते. फक्त सायकलीच्या बेताला ते लागू करावं, हे मला साठीला टेकल्यावर सुचलं. सुचलं ते सुचलं. त्या रात्री मी पुढच्या दिवसाचं निघायचं फक्त ठरवलं, पोहोचायचं वाऱ्यावर सोडलं. मला वाटलं, आता मी फार सुधारले.

जेवताना त्या बाईने विचारलं, "तुम्ही दोघी कोण कोण म्हणायच्या? बहिणी बहिणी का?"

मी पटकन म्हटलं, "मैत्रिणी."

"विहिणी," त्याच वेळी विहीणबाई म्हणाल्या.

"मंग लेक कोणाची?" बाईने कौतुकाने विचारलं. "काय लेकरंबाळं हायेत त्याह्यला?"

विहीणबाईंनी सांगितलं, फारकत झाली. बाईच्या हातातली भाकर हातातच राहिली. ती एकदा माझ्याकडे बघे, एकदा त्यांच्याकडे. मग तिने दोघींच्या ताटात एकेक भाकर जास्त वाढली आणि विषय मोसंबीवर नेला. झोपताना मी म्हटलं, उद्यापासून कोणी विचारलं तर मैत्रिणी सांगायचं, काही खोटं नाही त्यात. विहीणबाई म्हणाल्या, "मैत्रीण तर कोणी बी कोणाची असते. आपल्याला एका मांडवात बसवून, नारळ देऊन विहिणी केलंय." मी पांघरूण ओढलं.

सकाळी निघताना बाईने दोघींची ओटी भरली. तांदूळ, खण, नारळ. सायकलवाल्याला नारळासारखं ओझं नाही, पण ओटीला नको म्हणता येत नाही. विहीणबाईंनी पुढच्या गावच्या मारुतीपुढे दोन्ही फोडले, निम्मं खोबरं वाटलं, निम्मं खात खात आम्ही घनसावंगी पार केली. वारा आज मागून होता. मला उगाच वाटत राहिलं की हे मीच ठरवलंय.

जांबेला पोहोचलो तोवर सांज झाली होती. बेतापेक्षा पूर्ण एक दिवस उशिरा. देवळाजवळ उतरलो, गरम पाण्याने पाय शेकले, झोपलो. सकाळी उठून दर्शन घ्यायचं, चहा घ्यायचा आणि नदीकडे वळायचं.

माझी चूक इथे झाली. आष्टी टाळायची म्हणून मी एवढं मोठं वळण आखलं, आणि मुक्काम कुठे ठेवला, तर जिथे आष्टीची माणसं नवस फेडायला येतात तिथे. जालना जिल्ह्यात माणूस शहरात हरवेल, हायवेवर हरवेल, देवळात हरवणार नाही. आम्ही दर्शन घेऊन पायऱ्या उतरतो तोच एक जीपगाडी थांबली. दहा-बारा बाया उतरल्या, हातात नैवेद्याचे डबे. त्यांतली एक विहीणबाईंसमोर उभी राहून डोळे बारीक करून बघायला लागली.

"आवो, तुम्ही आमच्या गावची लेक न्हाई का? वळखलं न्हाई मला? तुमच्या भावाच्या घराच्या मागंच आमचं घर. अन् ह्ये काय, सायकलीवर?"

मग हसणं, गळ्यात पडणं, आणि मोबाइलवर फोटो. फोटोत मीही आले. त्या बाईने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "ह्या कोण?" मी तोंड उघडायच्या आत विहीणबाई म्हणाल्या, "आमच्या विहीणबाई." बाईचं हसू जरासं अडखळलं. गावाला सगळं माहीत होतं.

आमचा चहा निम्मा झाला असेल नसेल, विहीणबाईंचा फोन वाजला. त्यांची भावजय होती. बोलणं मला ऐकू येत होतं, भावजय शेतातल्यासारखं मोठ्यानं बोलत होत्या.

"ताई, फोटो आला. शिवेपसून वापस चालल्या का? अख्खी गल्ली इचारून राह्यली. मी काय सांगू लोकाला?"

"दादा काय म्हणतो?"

"त्यायनं पाह्यला फोटो. काही बोलले न्हाईत. चष्मा लावून पुन्हा पाह्यला."

विहीणबाईंनी फोन ठेवला. माहेरच्या शिवेवरून जाऊन लेक घरी गेली नाही, यापेक्षा मोठा अपमान भावाचा होत नाही. न जाण्याने जे झाकायचं होतं, ते आता न जाण्यानेच गावभर होणार होतं. मला आधी राग आला. म्हटलं, "त्या मोसंबीपायी झालं हे. माझ्या बेताने चाललो असतो तर काल सकाळीच इथून निघून नदीपार असतो."

"व्हय," त्या म्हणाल्या. "झालं ते झालं."

मग माझं डोकं चालायला लागलं. आता मी सुधारलेली होते, बेत बदलायला शिकलेली होते. मी म्हटलं, असं करू. तुम्ही सरळ आष्टीला जा. भावाला भेटा, दोन दिवस राहा. मी ठरल्याप्रमाणे पूल ओलांडून पलीकडून जाते. पाथरीला भेटू. दारात मी नसले की तुमचं माहेरही राहतं आणि प्रवासही राहतो. बोलता बोलता मला स्वतःचं कौतुक वाटत होतं. एवढ्या सहज मी कधी बेत मोडला नव्हता.

विहीणबाईंना इतक्या वर्षांत मी चिडलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं.

"ह्याला बेत बदलणं म्हणतात का? वारं समोरून आलं म्हणून झाडाखाली बसणं येगळं, अन् माणूस समोरून आलं म्हणून लपून बसणं येगळं. तुमचा पयला रस्ता बी असाच होता. मला कळत न्हाई का, ते वळण कशापायी होतं? मी गप बसले, कारण तुम्ही माझ्यासाठी केलं. पण आता न्हाई. गेलो तर दोघी जाऊ."

"आणि त्यांनी घरात नाही घेतलं तर?"

"मंग पाथरी हायच की पुढं."

हे त्या सहज म्हणाल्या, पण उरलेला चहा तसाच टाकून उठल्या. मला भीती वाटली, खरं सांगते. फोनवर ‘दारात येऊ नको’ म्हटलेलं दिवाळीपुरतं असतं, पुढच्या राखीला विरघळूही शकतं. गावासमोर, दारात उभं करून म्हटलं, तर ते विरघळत नाही. आणि तसं झालं तर कारण माझी सायकल असणार होती, त्यांच्या सायकलीशेजारी उभी.

जांब ते आष्टी विहीणबाई कुठेही थांबल्या नाहीत. उसाने भरलेले ट्रॅक्टर येत होते, कापसाची शेवटची वेचणी चालली होती, एरवी त्या प्रत्येक बांधावर उतरल्या असत्या. आज मान खाली घालून पायडल मारत होत्या. मीच दोनदा म्हटलं, चहा घेऊ का. "तिथंच घेऊ," त्या म्हणाल्या. त्यांच्या मागे राहताना मला धाप लागत होती आणि मनात एकच चाललं होतं, अजून वळावं. पण वळायला सांगायची माझी हिंमत नव्हती. कधी नव्हे ते.

गावात शिरलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. बातमी आमच्या आधी पोहोचलेली. पोरं मागे पळत होती, दारादारांतून बाया बघत होत्या. भावाचं घर स्लॅबचं, पुढे पत्र्याचं शेड, अंगणात ताडपत्रीवर तूर वाळत घातलेली. भाऊ खुर्चीवर बसलेले होते, पांढरे कपडे, डोक्यावर टोपी. लग्नाच्या पंगतीत मला आग्रहाने जिलबी वाढणारे तेच हात खुर्चीच्या दांड्यांवर. भावजय दारात उभ्या होत्या, एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा. दूरवरून घरचं माणूस आलं की उंबऱ्याबाहेर त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, मग आत घ्यायचं, ही आमच्याकडची रीत.

भाऊ उठले नाहीत. बहिणीकडे बघून म्हणाले, "आलीस? बरं झालं. हात-पाय धू, आत ये." मग तुरीकडे बघत, आवाज न चढवता, "त्यांना सांग, देवळात सोय हाय. वस्तीला अडचण न्हाई पडायची."

अपमान करायचा तर असा करावा. वरून कोणाला दिसणारही नाही. मला शब्द सुचले असते, माझं तोंड तसं आहे, पण हे दार माझं नव्हतं. मी सायकल वळवायला हँडल धरलं. विहीणबाईंनी हात लांब करून माझ्या कॅरिअरची पिशवी पकडली. त्यांनी स्वतःची सायकलही स्टँडला लावलेली नव्हती. एका हातात ती, दुसऱ्या हातात मी, अशा त्या उन्हात उभ्या.

"दादा, तू जुळवलेली सोयरीक मोडली म्हणून तू मान खाली घालून बसलास. गाव बी तसंच म्हणतंय. पोरांची मोडली, खरं हाय. पण तू काय निस्ती पोरंच जुळवल्ती का? घर पाहून घर जुळवलं म्हणून सांगत आल्तास तू मला. त्यायनं त्यांचं वापस केलं. माझ्या वाट्याला तू जे आणून दिलं, ते इतकं चांगलं निघालं, ते मी काहून वापस करू?"

भाऊ तुरीकडे बघत होते. भावजयींनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं, परवानगी मागण्यासारखं मुळीच नाही, आणि उंबरा उतरून पुढे आल्या. भाकरतुकडा त्यांनी आधी नणंदेवरून ओवाळला, मग तोच हात न थांबवता माझ्यावरून, आणि तुकडा लांब फेकून आमच्या दोघींच्या पायांवर पाणी घातलं. पाणी गार होतं. मी रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

मग भाऊ खुर्चीतून उठले. टोपी सारखी केली, ताडपत्रीच्या कडेकडेने चालत आले आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"विहीणबाई," ते म्हणाले, "सायकल उन्हात हाय. शेडमधी लावा."